देव बॅगेत ठेवू नका

न्यू जर्सीत नव्यानं आलेल्या मुली विचारतात, "ताई, स्वतःचं घर झाल्यावरच देव मांडू ना?" मी सांगते, पहिल्याच आठवड्यात मांडा. लग्नात माहेरून मिळालेले माझे बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा सात महिने बॅगेत, रुमालात गुंडाळलेले राहिले. बाहेर काढले तेव्हा पितळ काळवंडलं होतं. चिंच लावून घासता घासता मला रडू फुटलं.

एका बेडरूमच्या घरात मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे कोट टांगायचं कपाट. कोट दुसरीकडे हलवा, फळीवर पाट ठेवा, त्यावर देव. पूर्व-पश्चिमेचा फार घोळ घालू नका, स्वच्छता आणि शांतता बघा. मात्र कपाटात ज्योत अजिबात नको, तिथे बॅटरीचा दिवा लावा. निरांजन ओट्यावर, ताटलीत ठेवून लावायचं आणि विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. त्याआधी भाडेकरार वाचा, कारण काही ठिकाणी मेणबत्तीलाही मनाई असते. हीटरची जाळी जवळ असेल तर ज्योत फडफडते आणि फुलं तासाभरात कोमेजतात.

कापूर घरात टाळाच. आमच्या पहिल्या पाडव्याला आरतीच्या मध्येच धुराचा अलार्म वाजला आणि धाकटी घाबरून मला बिलगली. अलार्मवर पिशवी बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इथली घरं लाकडी आहेत, तो जीव वाचवतो.

घंटा सकाळी सहाला नको, भिंती पातळ असतात. रूममेट असेल तर आधीच सांगून टाका: "रोज वीस मिनिटं मी इथे बसते." माझ्या अनुभवात कुणी नाही म्हटलेलं नाही. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. इथे सकाळ असते तेव्हा भारतात संध्याकाळ असते, फोन यायचेच.

संकष्टीला चंद्रोदय इथलाच धरा, पंचांगात आपण राहतो ते इथलं गाव निवडून. तिथी सूर्योदयावर ठरते, म्हणून एकादशी कधी कधी आईच्या एकादशीच्या आदल्या दिवशी येते. त्यात चूक काही नाही.

दूर्वा म्हणून इमारतीच्या लॉनचं गवत खुडू नका, त्यावर औषध मारलेलं असू शकतं. वाती, कुंकू, अष्टगंध एडिसनच्या ओक ट्री रोडवर मिळतं. तुळस ऑक्टोबरमध्ये आत घ्या, दक्षिणेच्या खिडकीत. माझ्या दोन तुळशी थंडीनं गेल्या. तिसरी आता अन्नपूर्णेशेजारीच असते, आणि सकाळचं ऊन आधी तिच्यावर येतं.