सोलर, पवनचक्की आणि एकच बॅटरी: आधी कोण थांबणार ते ठरवा

आधी एक सांगतो, शहरात बिल्डिंगच्या गच्चीवर छोटी पवनचक्की लावायचा विचार असेल तर राहू द्या, वाऱ्याचा वेग अर्धा झाला की पॉवर आठव्या हिश्श्यावर येते आणि आजूबाजूला इमारती, झाडं असली की वारा अर्ध्यावरही येऊ शकतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारखं उघडं पठार असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पावसाळ्यात सोलर झोपतं तेव्हाच वारा जोरात असतो, म्हणून जोडी जमते.

आता खरी गोची. सोलरला बॅटरी भरल्यावर 'बस' म्हटलं की पॅनल गुपचूप थांबतं, त्याला काही होत नाही. पवनचक्की तशी थांबत नाही, लोड काढला की पाती मोकाट सुटतात, व्होल्टेज चढतं आणि कंट्रोलर (चार्जिंग सांभाळणारा डबा) जळू शकतो. म्हणून जास्तीची वीज जाळायला डंप लोड लागतो, म्हणजे मोठा हीटर किंवा रेझिस्टर, पवनचक्कीच्या पूर्ण क्षमतेइतका तरी हवाच, आणि भिंतीपासून लांब, कारण तो भयंकर तापतो.

सेटिंगमध्ये तीन आकडे पायऱ्यांसारखे ठेवायचे. 16 सेलची लिथियम फॉस्फेट बॅटरी (51.2 व्होल्टची) असेल तर सोलरचं चार्जिंग 55.2 ला थांबवा, डंप लोड 56 ला चालू होऊ द्या आणि बीएमएसचा (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटचा) कटऑफ साधारण 58.4 ला असतो तो सगळ्यात वर. मी सुरुवातीला उलटं केलं होतं, सोलर 56 आणि डंप 54, दुपारभर डंप लोड लालबुंद आणि बॅटरी कधी फुल होईना, म्हणजे उन्हाची वीज मीच जाळत होतो 😅 डंपचा आकडा बीएमएसच्या आकड्यापेक्षा वर ठेवला तर त्याहून वाईट, बीएमएस बॅटरीचं कनेक्शन तोडतो आणि पवनचक्की एकदम मोकळी. बॅटरीच्या कंपनीने दिलेले आकडे वेगळे असले तर तेच धरा, क्रम मात्र हाच.

हायब्रिड इन्व्हर्टरला प्रायॉरिटी एसबीयू ठेवा, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी महावितरण. बॅटरी 30 टक्क्यांवर आली की ग्रिडवर जा आणि 60 झाली की परत या, हे दोन आकडे जवळजवळ ठेवले तर दिवसभर रिले टकटक करत बसतो. जून ते सप्टेंबर लाइट वारंवार जात असेल तर खालचा आकडा 50 आणि वरचा 80 करा.

पाण्याची मोटर दुपारी 12 च्या सुमाराला लावा, सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. गिझर इन्व्हर्टरवर घेऊच नका, थेट मेन लाइनवर असू दे.

आणि बॅटरीचं काम करायचं असेल तर आधी वारा पडलेला असताना पवनचक्कीचा ब्रेक लावा, मगच बॅटरीची वायर सोडा. फुल वाऱ्यात ब्रेक मारला तर वाइंडिंग जाऊ शकतं.