कॅनडात केमिकल इंजिनिअरिंगचं रिसर्च करायचंय? आधी जमिनीखाली काय आहे ते बघा

दरवर्षी पावसाळा लागला की केमिकलच्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, ताई कॅनडात कुठं अप्लाय करू, आणि सोबत आठ-दहा युनिव्हर्सिटींची लिस्ट जोडलेली असते जी बहुतेक वेळा रँकिंगच्या साइटवरून जशीच्या तशी उचललेली असते. कॅनडासाठी ही पद्धत चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तिथली केमिकल इंडस्ट्री कच्च्या मालाच्या मागे गेलीय, ज्या प्रांतात जे सापडलं त्यावर तिथले प्लांट उभे राहिले आणि त्या प्लांटना जे प्रश्न पडले त्यावर जवळच्या युनिव्हर्सिटीत लॅब उभ्या राहिल्या. म्हणून आधी कच्चा माल बघा, मग इंडस्ट्री, मग लॅब, आणि युनिव्हर्सिटीचं नाव सगळ्यात शेवटी.

अल्बर्टापासून सुरुवात करा. एडमंटनच्या ईशान्येला फोर्ट सस्कॅचेवान म्हणून गाव आहे (नावात सस्कॅचेवान असलं तरी ते अल्बर्टातच आहे, बरेच जण इथं गोंधळतात), त्याच्या आसपास डाऊ, शेल वगैरेंचे मोठमोठे प्लांट आहेत, आणि दक्षिणेला रेड डिअरजवळ जॉफ्रेला नोव्हा केमिकल्स आहे. इथलं इथिलीन (प्लॅस्टिकचा मूळ कच्चा माल) मुख्यतः इथेनपासून होतं कारण इथेन ज्यातून मिळतं तो नॅचरल गॅस भरपूर. आपल्याकडे नागोठण्याचा क्रॅकरही (इथिलीन बनवणारा प्लांट) गॅसवरचा, त्यामुळे तिथं कुणी इंटर्नशिप केली असेल तर अल्बर्टातल्या प्रोफेसरला मेल लिहिताना ती गोष्ट पहिल्या दोन ओळींतच यायला पाहिजे, रेझ्युमेच्या तळाशी नाही. शेलच्या स्कॉटफर्ड प्लांटला क्वेस्ट नावाचा प्रोजेक्ट 2015 पासून चालू आहे, हायड्रोजन युनिटमधला कार्बन डायऑक्साइड अमीन या रसायनाच्या द्रावणात शोषून पकडायचा आणि दोन किलोमीटरपेक्षा खोल खडकात सोडायचा, वर्षाला साधारण 10 लाख टन. अमीन अ‍ॅब्सॉर्प्शन आपण मास ट्रान्सफरच्या पेपरसाठी घोकतो, तिथं ते त्या स्केलवर रोज चालतं.

ऑइल सँड्स हा अल्बर्टाचाच दुसरा मोठा विषय. वाळूला चिकटलेलं बिट्युमेन (डांबरासारखं घट्ट तेल) गरम पाण्याने सोडवायची पद्धत कार्ल क्लार्कने 1920 च्या दशकात अल्बर्टात विकसित केली आणि त्यावरचा पहिला मोठा कमर्शियल प्लांट 1967 मध्ये सुरू झाला. अजूनही प्रश्न संपलेले नाहीत, बिट्युमेन काढल्यावर उरणारं गाळमिश्रित पाणी मोठमोठ्या तळ्यांत साठवलेलं आहे आणि त्यातली बारीक माती वर्षानुवर्षं खाली बसत नाही. कोलॉइड, इंटरफेस, फ्लॉक्युलेशन (बारीक कण एकत्र आणून खाली बसवणं) या विषयांत ज्यांना खरोखर रस आहे त्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टा सोडून दुसरीकडे आधी बघूच नये असं मी सांगेन, शिवाय एडमंटनजवळ डेव्हनला कॅनमेट एनर्जीची सरकारी लॅबसुद्धा आहे.

सस्कॅचेवानकडे कुणीच बघत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा कोल्हापूरच्या उसाला जे म्युरेट ऑफ पोटॅश हे खत (म्हणजेच पोटॅशियम क्लोराइड) टाकतात ते सगळं बाहेरून येतं, आणि त्यातला एक हिस्सा सस्कॅचेवानच्या खाणींतून येतो, कॅनडा पोटॅशमध्ये जगात पहिल्या नंबरवर आहे. खाणी साधारण एक किलोमीटर खोल. आता केमिकलवाल्यांसाठी खरी गंमत वर आल्यानंतर. खनिजात पोटॅशियम क्लोराइड आणि साधं मीठ एकत्र असतं, दोन्ही पाण्यात विरघळतात, मग वेगळं कसं करायचं? तर आधीच दोन्ही मिठांनी सॅच्युरेट झालेल्या ब्राइनमध्येच (मिठाच्या पाण्यात) फ्लोटेशन करतात म्हणजे आणखी काही विरघळायचा प्रश्नच नाही, त्यात लांब साखळीचं अमीन घालतात, ते पोटॅशच्या कणांवर बसतं, कण हवेच्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि मीठ खाली राहतं. इतकं सुंदर प्रोसेस डिझाइन आपल्या सिलॅबसमध्ये दोन ओळींत संपतं. शिवाय सास्काटूनला सस्कॅचेवान रिसर्च कौन्सिल आहे, तिथं स्लरी (घन कण मिसळलेलं पाणी) पाइपमधून नेण्यावर मोठं काम आहे, आणि रिजायना युनिव्हर्सिटी कार्बन कॅप्चरमध्ये जुनी आहे, याच प्रांतात बाउंडरी डॅमला 2014 मध्ये कोळशाच्या पॉवर प्लांटवरचं पहिलं कमर्शियल स्केलचं कॅप्चर युनिट सुरू झालं.

ऑन्टारियोत सार्निया. अमेरिकेच्या बॉर्डरवरचं शहर, याला केमिकल व्हॅलीच म्हणतात. जवळच ऑइल स्प्रिंग्जला 1858 मध्ये तेल लागलं, मग दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाल्यावर 1942 ला सरकारने इथं पॉलिमर कॉर्पोरेशन काढली सिंथेटिक रबरसाठी, आणि त्या प्लांटचा एवढा अभिमान होता की 1971 च्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. पॉलिमरचं काम करायचं असेल तर वॉटरलू, मॅकमास्टर, क्वीन्स बघा, आणि सार्नियाच्या सगळ्यात जवळची म्हणजे लंडनची वेस्टर्न युनिव्हर्सिटी (हे लंडन ऑन्टारियोतलं).

पण सार्नियाची दुसरी बाजू वाचल्याशिवाय मेल पाठवू नका. प्लांटच्या अगदी कुंपणाला लागून आमजिवनांग या मूळनिवासी समाजाची वस्ती आहे, 2024 मध्ये तिथं हवेत बेन्झिन वाढलं, लोक आजारी पडले, शेजारचा स्टायरीनचा प्लांट बंद ठेवावा लागला. प्रोसेस सेफ्टी, एमिशन मॉनिटरिंग हे विषय तिथं कागदावरचे नाहीत. रिस्पॉन्सिबल केअर हा केमिकल कंपन्यांचा सेफ्टीचा उपक्रम 1985 मध्ये कॅनडातच सुरू झाला, भोपाळनंतर काही महिन्यांतच, आज तो 60 पेक्षा जास्त देशांत आहे आणि भारतात इंडियन केमिकल काउन्सिल तो चालवते. तारापूर, लोटे, महाड, जिथं कुठं तुम्ही ट्रेनिंग केलं असेल तिथं हॅझॉपमध्ये (प्लांटमधले धोके शोधायच्या बैठकीत) बसायला मिळालं असेल, पीएसव्हीचं (प्रेशर वाढलं की उघडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचं) रेकॉर्ड बघितलं असेल, तर ते जरूर लिहा. आपली मुलं हे लिहीतच नाहीत, त्यांना वाटतं रिसर्चवाल्यांना याचं काय.

क्युबेक आणि ब्रिटिश कोलंबिया थोडक्यात सांगते. क्युबेकमध्ये नदीवरची वीज मुबलक म्हणून इलेक्ट्रोकेमिस्ट्री, अ‍ॅल्युमिनियम, बेकांकूरला इलेक्ट्रोलिसिसचं हायड्रोजन, आणि माँट्रियलला पॉलिटेक्निक व मॅकगिल. पॉलिटेक्निकचं काम फ्रेंचमध्ये चालतं हे लक्षात ठेवा. बीसीत जंगल म्हणून पल्प आणि पेपर, आणि आता लाकडापासूनच नवीन मटेरियल. यूबीसीची (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) फ्लुइडायझेशनची, म्हणजे कण हवेच्या जोरावर तरंगते ठेवायच्या तंत्राची परंपरा मात्र मुद्दाम सांगायला हवी कारण तिच्या मुळाशी एक भारतीय आहे. ओटावाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये 1954 च्या सुमारास किशन माथुर आणि गिशलर गहू वाळवण्यावर काम करत होते. गव्हाचे दाणे मोठे, ते साध्या फ्लुइडाइज्ड बेडमध्ये नीट हलत नाहीत. त्यांनी हवा तळाच्या एकाच भोकातून जोरात सोडली, मधले दाणे कारंज्यासारखे वर उडाले, बाजूला पडले आणि कडेने हळूहळू खाली सरकत परत मध्ये आले. हाच स्पाउटेड बेड. माथुर पुढे यूबीसीत गेले.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. एनसर्क म्हणजे तिथली सरकारी फंडिंग एजन्सी, तिचा अवॉर्ड डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, त्यात युनिव्हर्सिटी आणि विषय टाकला की कुठल्या प्रोफेसरला कशासाठी पैसे मिळालेत ते दिसतं. अलायन्स ग्रँट दिसली तर समजा की बाहेरचा पार्टनर सोबत आहे, बऱ्याचदा कंपनीच. ज्याच्याकडे ताजी ग्रँट आहे त्यालाच विद्यार्थी लागतात, साधा हिशोब. मग त्याच्या विद्यार्थ्यांचे थिसिस काढा, सगळ्या मोठ्या युनिव्हर्सिटींचे ऑनलाइन फुकट मिळतात. पूर्ण वाचायची गरज नाही, आभाराचं पान वाचा, तिथं कुठल्या कंपनीने पैसे दिले, कुणी सॅम्पल दिले ते कळतं, आणि शेवटच्या चॅप्टरमधलं पुढचं काम वाचा, कारण तेच काम पुढच्या विद्यार्थ्याला मिळायची शक्यता सगळ्यात जास्त.

त्यावरून मेल लिहा. दहा-बारा ओळी बास. रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट वगैरे काही नको. तुमच्या विद्यार्थ्याच्या थिसिसमध्ये अमुक टेम्परेचरच्या वर डेटा नाही असं दिसलं, मी फायनल इयर प्रोजेक्टमध्ये असाच सेटअप चालवलाय, अडचण अशी आली आणि ती अशी सोडवली, तुमच्याकडे या विषयात जागा आहे का, संपलं. सब्जेक्टमध्ये डिग्री आणि इनटेक (कुठल्या महिन्याचा प्रवेश) लिहा. एकच मेल पन्नास जणांना पाठवू नका, प्रोफेसर लोक एका नजरेत ओळखतात. दोन-तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा आणि पुढे चला.

वेळेचं गणित असं की सप्टेंबर इनटेकच्या बऱ्याच डेडलाइन डिसेंबर-जानेवारीत असतात, म्हणजे मेल ऑगस्ट-सप्टेंबरपासून, आणि ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज त्याच्याही आधी. तिसऱ्या वर्षाला असाल तर मायटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिप बघाच, उन्हाळ्यात 12 आठवडे तिथल्या लॅबमध्ये काम, भारतातल्या मुलांना अर्ज करता येतो.

आणि डिग्रीचं नाव नीट वाचा. एमइंजी म्हणजे बहुतेक ठिकाणी कोर्सवर्क, फी खिशातून. एमएएससी म्हणजे थिसिस, साधारणपणे स्टायपेंड मिळतो, अल्बर्टात थिसिसवाल्या डिग्रीला एमएससी म्हणतात. ऑफर आली की आकडा बघून लगेच हो म्हणू नका. फी वजा जाता हातात महिन्याला किती उरतं, किती महिन्यांची हमी आहे, टीएशिप (शिकवण्यात मदत करायचं काम) त्यातच धरलीय की वेगळी, हे तीन प्रश्न लेखी विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

पुढे नोकरी करायची असेल तर आत्ताच एक गोष्ट तपासा. तिथं पीइंजी (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स प्रांताची संस्था देते, ऑन्टारियोत पीइओ, अल्बर्टात अपेगा. भारत 2014 पासून वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये (इंजिनिअरिंग डिग्रींना एकमेकांच्या देशांत मान्यता देणारा करार) आहे पण ते फक्त एनबीएच्या (कोर्सना मान्यता देणारी भारतातली संस्था) टियर-1 मान्यतेच्या कोर्सला लागू होतं, आणि तुम्ही पास झालात त्या वर्षी मान्यता चालू होती का ते महत्त्वाचं. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन त्या सर्टिफिकेटची कॉपी आत्ताच घेऊन ठेवा, परदेशातून ती मागवणं फार त्रासाचं होतं.