महालातल्या जुन्या वाड्याचं वय कसं काढायचं

नागपूरच्या महाल भागात कोणालाही विचारा, वाडा किती जुना, उत्तर ठरलेलं, भोसल्यांच्या वेळचा. आमच्या घरीही हेच सांगायचे. पण अख्खा वाडा एका दमात बांधलेला क्वचितच असतो, म्हणून साल शोधायच्या मागे लागू नका, आधी कोणता भाग पहिले आणि कोणता मागून ते ठरवा.

दर्शनी भागापासून सुरू करू नका, तो दर पिढीला बदलतो. टॉर्च घेऊन सरळ माळ्यावर चढा, तिथे रंग नाही गिलावा नाही, लाकूड जसंच्या तसं दिसतं. सागाच्या तुळईवर कामाची नसलेली खाच किंवा रिकामं भोक दिसलं की समजा ते लाकूड आधी दुसरीकडे वापरलेलं आहे, म्हणजे लाकूड जुनं पण छप्पर नंतरचं. आमच्या मागच्या खोल्यांचं तसंच निघालं. कवेलू, म्हणजे छपराची कौलंही उलटून बघा. कुंभाराची अर्धगोल कवेलू कोणत्याही काळातली असू शकते, पण छापाची मंगलोरी असेल तर 1865 च्या आधीची नाहीच, कारण मंगळुरात तिचा कारखानाच तेव्हा निघाला.

मग लोखंडी गर्डर. नागपूरला रेल्वे आली 1867 ला, त्याच्या आधी एवढं जड लोखंड बैलगाडीवर कोण आणणार, त्यामुळे गर्डरवर उभा असलेला भाग बहुतेक त्यानंतरचा. मात्र कधीकधी तुळई खचली म्हणून टेकू द्यायला गर्डर घालतात, तेव्हा तो भिंतीत शिरतो तिथे बघा, भोवतालच्या विटा फोडून परत बसवलेल्या दिसल्या तर भिंत जुनी आणि गर्डर पाहुणा.

भिंतींसाठी कोपरे तपासा, सगळ्यात जास्त माहिती तिथेच मिळते. दोन भिंतींच्या विटा एकमेकींत गुंतल्या असतील तर दोन्ही एका वेळच्या, वरपासून खालपर्यंत उभी सरळ फट असेल तर एक मागून जोडलेली. सांध्यात चुना आहे की सिमेंट ते खरवडून बघा, आपल्या देशात पोरबंदरला सिमेंट बनायला लागलं तेच 1914 मध्ये.

खांबांवरची केळफुलं बघून कृपया लगेच साल सांगू नका. भोसल्यांचा राजवाडा 1864 ला जळाला, तिथलं कोरीवकाम आता तुलनेला उरलं नाही, आणि तशी नक्षी सुतार पुढेही करतच राहिले.

कागद शेवटी. सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा, पण तिच्यात मालकी आणि क्षेत्रफळ मिळतं, बांधकामाचं साल नाही. जुनं खरेदीखत जास्त कामाचं, चतुःसीमेत विहीर, बोळ, शेजारचा वाडा सगळं येतं, ते आजच्या जागेवर जुळवून बघा म्हणजे कोणती खोली बोळात वाढवली ते कळतं. मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, शके दिलं असेल तर 78 मिळवा, पौष-माघ-फाल्गुन असेल तर बरेचदा 79.

आणि आजीला वाडा किती जुना असं विचारू नका, तुम्ही लग्न होऊन आल्या तेव्हा चूल कुठे होती, पाणी कुठून भरायच्या, असं विचारा. आमच्या आजीने ज्या जागी चूल दाखवली तिथे आज जिना आहे, आणि जिन्याखालची भिंत अजून काळी आहे.