बीएस ६ पिकअपचा डीपीएफ कापायला निघालात? या चुका टाळा

डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, लाइट लागतो, चढाला गाडी ओढत नाही आणि मेस्त्री म्हणतो, "काढून टाकू, कटकटच मिटेल." १ एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ डिझेल पिकअप चालवणाऱ्यांना हा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून तो घेऊ नका. कायदा आडवा येतो हे खरंच, पण त्याआधी गाडीचा मूळ आजार झाकला जातो.

डीपीएफ धुरातली काजळी अडवतो आणि ती साधारण ६०० अंशांना जाळून टाकतो. या जळणीला रिजनरेशन म्हणतात. काजळी मात्र तयार होते इंजिनात. इंजेक्टर गळत असेल, टर्बोचं सील गेलं असेल, इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटला असेल किंवा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, तर ती प्रमाणाबाहेर वाढते आणि फिल्टर चोक होतो. अशा वेळी फिल्टरलाच दोषी धरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फिल्टर कापला की लाइट जातो, पण गळका इंजेक्टर तसाच राहतो आणि एक दिवस पिस्टन जाळतो.

म्हणून आधी स्कॅनर लावायला सांगा. काजळीचं प्रमाण, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक आणि सायलेन्सरचं तापमान, हे तिन्ही आकडे स्वतः बघा. दाब मोजणाऱ्या सेन्सरला जोडलेल्या बारीक नळ्या हाताने तपासा. त्या फाटल्या किंवा तुंबल्या तर फिल्टर साफ असतानाही लाइट लागू शकतो. एका नळीपायी चांगला फिल्टर कापला जाणं हे मला फार लागतं.

दुसरी चूक चालवण्यातली. गावातल्या गावात दूध, भाजी पोचवायची, दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करायचं, मग फिल्टर तापणार कधी? आयडलिंग वाढलं, फॅन जोरात फिरायला लागला, गरम वास आला की रिजनरेशन चालू आहे असं समजा. तेव्हा चावी फिरवू नका. हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी गाडी चालवा. रिजनरेशन वारंवार अर्धवट तुटलं तर जळणीसाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, लगेच बदला. आणि रिजनरेशन चालू असताना उसाच्या पाचटावर गाडी कधीही उभी करू नका, पेट घेईल.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. जुन्या गाड्यांच्या ऑइलमधून राख जास्त पडते. काजळी जळते, राख जळत नाही.

आता प्रत्यक्ष कापाकापी. फिल्टर आतून पोकळ करून वेल्डिंग मारलं की सेन्सरला दाब मिळत नाही, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, गाडी लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे तिची ताकद मुद्दाम कमी करतो. मग रिमॅप करतात, म्हणजे ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलतात. त्यात डीपीएफचे बिघाड दाखवणारे कोड बंद केले जातात, कधी त्यांच्यासोबत इतरही, त्यामुळे पुढच्या मेस्त्रीचा स्कॅनर त्याला खरं सांगत नाही. वॉरंटीचा दावा अडतो. ईजीआरला पट्टी मारून तो बंद केला की सिलिंडरमधली उष्णता वाढते, त्याबरोबर नायट्रोजन ऑक्साइडही. पॉवर वाढते म्हणतात, पण बहुतेक वेळा चोक फिल्टरने खाल्लेली पॉवरच परत आलेली असते.

"पीयूसी निघते ना?" हा आधारही कच्चा आहे. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) नुसार बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १९०(२) खाली प्रदूषणाचा १०,००० रुपयांपर्यंतचा दंड वेगळा.

अमेरिकेत हा प्रकार किती पसरला होता ते तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये मांडलं: दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढलेली. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. तो धूर आधी कोण घेतो? मार्केट यार्डात गाडीच्या मागे उभा राहून क्रेट उतरवणारा हमाल, आणि शेजारी तुमचाच ड्रायव्हर.

फिल्टर खरोखरच भरला असेल तर आधी मूळ बिघाड काढा, मग स्कॅनरवरून फोर्स्ड रिजनरेशन (गाडी उभी ठेवून मुद्दाम केलेली जळणी) करून घ्या. राख साठली असेल तर तो उतरवून खास मशीनवर साफ होतो. सळई घालू नका, प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका. आतली सिरॅमिकची भिंत फुटते.

सेकंड हँड बीएस ६ पिकअप घेताना इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. जाड काळी काजळी निघाली तर फिल्टर बहुधा काढलेला किंवा फुटलेला आहे. मग नव्या डीपीएफची किंमत वजा करूनच भाव बोला.