मिनी पीसी टीव्हीला जोडताय? या चुका टाळा

"अरे, गाणी दणक्यात वाजतात, पण माणसं काय बोलतात ते ऐकूच येत नाही." मावशीचा फोन होता. दोनच दिवसांपूर्वी तिच्या टीव्हीमागे छोटासा मिनी पीसी लावून, त्यावर कोडी (सिनेमे-गाणी चालवणारा प्लेयर) टाकून मी घरी परतलो होतो. शेजाऱ्यांनी टीव्हीचे स्पीकर गेल्याचं सांगून टाकलं होतं, काका पेनड्राइव्हला दोष देत होते. जाऊन बघितलं तर पाऊस, दार आपटल्याचा आवाज, मागचं संगीत सगळं स्वच्छ. नट मात्र ओठ हलवतोय आणि शब्द विहिरीतून आल्यासारखे.

टीव्ही, फाइल, मिनी पीसी सगळं ठणठणीत होतं. चुकलं होतं एक सेटिंग, आणि ते मीच केलं होतं. सिनेमाच्या ५.१ आवाजात (पाच स्पीकर आणि एक वूफर) संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलवर असतात. मावशीच्या टीव्हीला डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर. कोडीत 'नंबर ऑफ चॅनल्स' मी ५.१ ठेवल्यामुळे मधला आवाज वेगळा जात होता आणि तो वाजवायला पलीकडे कुणीच नव्हतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ऑडिओ, तिथे चॅनल्स २.० केले की संवाद डाव्या-उजव्यात मिसळून येतात. एवढं करूनही आवाज दबका वाटला तर त्याच पानावर 'मेंटेन ओरिजिनल व्हॉल्यूम ऑन डाउनमिक्स' चालू करा. हा पर्याय दिसत नसेल तर खाली डावीकडच्या दातेरी चाकावर क्लिक करत सेटिंगची पातळी 'एक्स्पर्ट'वर न्या.

याच्या उलटही होतं. चित्र सुरू, आवाज शून्य. अशा वेळी आधी 'पासथ्रू' बंद करून बघा. पासथ्रू म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा टीव्हीकडे पाठवणं. बऱ्याच टीव्हींना डीटीएस (सिनेमाच्या आवाजाचा एक फॉरमॅट) उलगडता येत नाही, मग ते गप्प बसतात. साउंडबार किंवा एव्ही रिसीव्हर असेल तरच पासथ्रूच्या वाटेला जा.

गेल्या काही वर्षांत नातेवाइकांकडे आणि मित्रांकडे असे बरेच डबे मी बसवले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: तक्रार आली की सगळे डब्याकडे बोट दाखवतात, आणि खोट निघते केबलीत, सेटिंगमध्ये नाहीतर विजेत. म्हणून नवीन मशीनवर पैसे घालण्याआधी पुढचं सगळं तपासून घ्या.

'आय-फाइव्ह आहे' यावर भुलू नका

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ऑफिसमधून निघालेले छोटे पीसी स्वस्तात मिळतात, आणि दुकानदार आय-फाइव्हचं नाव पुढे करतो. व्हिडिओसाठी महत्त्वाचं आहे ते पिढीचं. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ आकसून ठेवायची एक पद्धत) उलगडणारं हार्डवेअरच नाही. १०-बिट एचईव्हीसी सातव्या पिढीपासून नीट चालतं, एव्ही१ अकराव्यापासून. याउलट २०२३ मध्ये आलेली इंटेलची एन१०० ही चिप फक्त ६ वॉटची आहे, चार साधे कोअर, पण एच.२६४, १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे चारही फॉरमॅट ती हार्डवेअरमध्येच उलगडते. जुना आय-फाइव्ह ४के फाइलीवर पंखा घोंघावत धापा टाकतो, तिथे ही चिप शांत असते. इंटेलच्याच जुन्या जे४१२५ चिपवाले डबेही बाजारात दिसतात. घरच्या फाइलींना ते पुरेत, पण त्यांत एव्ही१ नाही, आणि यूट्यूब ते बरंच वापरतं.

विजेचा हिशोब सोपा आहे. १० वॉट घेणारा डबा वर्षभर चोवीस तास चालू ठेवला तर साधारण ८८ युनिट होतात. ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप त्याच वेळात ५२५ युनिटांच्या पुढे जातो. आपल्या बिलावरचा दर बघून गुणाकार करा, मग स्वस्तातला पीसी किती स्वस्त ते कळेल.

आता चित्र अडखळत असेल तर अंदाज बांधत बसू नका. कोडीत व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं 'ओ' (O) हे अक्षर दाबा. पडद्यावर माहिती येते, त्यात डीकोडरच्या नावापुढे कंसात 'एचडब्ल्यू' असेल तर काम हार्डवेअर करतंय. 'एसडब्ल्यू' असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतोय. मग प्लेयरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन (लिनक्सवर 'व्हीएएपीआय') कुणी बंद केलंय का ते बघा, आणि ते चालू असेल तर चिपला तो फॉरमॅट येत नाही असं समजा. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की कोडेक (व्हिडिओचा फॉरमॅट) आणि गळालेल्या फ्रेम्स दोन्ही दिसतात. या दोन गोष्टी बघितल्याशिवाय मी कुणालाही मशीन बदलायला सांगत नाही.

लिब्रेएलेक टाकण्याआधी बाहेरची डिस्क काढा

फक्त कोडीसाठी मशीन वापरायचं असेल तर लिब्रेएलेक या ऑपरेटिंग सिस्टिमसारखी गोष्ट नाही. चालू केलं की थेट कोडी, मध्येच अपडेट होऊन रीस्टार्ट वगैरे काही नाही. पण त्याचा इन्स्टॉलर तुम्ही निवडाल ती अख्खी डिस्क पुसून टाकतो. घरचे फोटो असलेली यूएसबी डिस्क त्या वेळी लावलेली असेल आणि यादीतलं नाव चुकून निवडलं गेलं तर सगळं गेलं. इन्स्टॉल करताना इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह सोडून बाकी सगळ्या डिस्क उपसून ठेवा. हे मी कळकळीनं सांगतोय. पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणारा सेटिंगचा मेनू) सिक्युअर बूट बंद करा. ते चालू असताना लिब्रेएलेक बूट होत नाही. इंटेलच्या मिनी पीसीसाठी 'जेनेरिक' इमेज घ्या.

४के टीव्ही, पण माउस अडखळतो

पडद्यावर बाण झटके देत सरकत असेल तर बहुधा ४के चित्र ३० हर्ट्झवर (सेकंदाला ३० वेळा) आलंय. ४के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं, १.४ वर गाडी ३० ला अडते. डब्याचा पोर्ट, केबल आणि टीव्हीचा पोर्ट, तिन्ही तपासा. बऱ्याच टीव्हींमध्ये सगळे पोर्ट सारखे नसतात, आणि जो चांगला असतो त्याचंही पूर्ण सामर्थ्य टीव्हीच्या मेनूत 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' अशा नावाखाली बंद असतं. ते चालू करा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीतच 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा.

कॅमेरा सावकाश फिरताना चित्र दचकत असेल तर कारण वेगळं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा आणि टीव्ही ६० हर्ट्झवर. एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी वाटणी होते. कोडीत प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' करा. सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो, तो बिघाड नाही. हे घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री साडेनऊला फोन येतो.

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून केलेल्या फाइलींबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण अनेक घरांत हा डबा खरं तर त्यासाठीच घेतलेला असतो. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या: सेकंदाला २५ फ्रेम्स, त्याही इंटरलेस्ड, म्हणजे एक ओळ आड एक अशा दोन भागांत. मंगलाष्टकं संपून अक्षता उडतात, हात वर जातात, आणि त्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसू लागतात. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली होती. झालेली नसते. चित्र चालू असताना व्हिडिओच्या सेटिंगमध्ये 'डीइंटरलेस मेथड' बदलून बघा, दाते जातात. आणि कृपा करून 'व्ह्यू मोड' नॉर्मल ठेवा. चारास तीनचं चित्र रुंद पडद्यावर ताणलं की नवरा-नवरी दोघंही जाडजूड दिसतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. आजीचा चेहरा आजीसारखा दिसला पाहिजे.

आठातल्या चारच तारा

माझ्या एका मित्राकडे राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाकलेली होती, तरी मोठ्या ४के फाइली दर काही मिनिटांनी थांबायच्या. डबा बदलला, राउटर बदलला. शेवटी केबलीचा कनेक्टर उजेडात धरून बघितला. आठ तारांपैकी चारच आत घातलेल्या, उरलेल्या चार मागे कापून टाकलेल्या. चार तारांवर १०० एमबीपीएस मिळतं, गिगाबिटला आठही लागतात. ४के ब्लू-रेचा प्रवाह १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे साधे सिनेमे सुरळीत आणि नेमके भारी सिनेमे अडकायचे. नव्यानं क्रिम्पिंग केलं (आठही तारा कनेक्टरात घट्ट बसवल्या), प्रश्न संपला. जोडणीचा वेग १०० दिसत असेल तर आधी दोन्ही टोकं बघा.

वायफायच वापरायचं तर ५ गीगाहर्ट्झ वापरा, आणि डबा टीव्हीच्या पत्र्याला पाठीमागून चिकटवू नका. विंडोजच्या पीसीवरचं शेअर केलेलं फोल्डर कोडीत दिसत नाही ही तक्रारही नेहमीची. २०१७ नंतरच्या विंडोज १० मध्ये जुनं एसएमबी१ (नेटवर्कवर फाइली शेअर करायची पद्धत) आपोआप येत नाही, म्हणून यादीत पीसी दिसत नाही. ते जुनं परत चालू करू नका, सुरक्षेच्या दृष्टीनं ते घातक आहे. 'अ‍ॅड नेटवर्क लोकेशन' घेऊन पीसीचा आयपी पत्ता हातानं लिहा, आणि राउटरमध्ये तो पत्ता त्या पीसीसाठी राखून ठेवा.

रिमोट कधी चालतो, कधी नाही

सेल बदलण्याआधी डब्याच्या पोर्टकडे बघा. रिमोटचा इवलासा यूएसबी रिसीव्हर यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून लावलाय का? यूएसबी ३ मधून निघणारा गोंगाट २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि रिमोट त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर यूएसबी एक्स्टेन्शन केबलवर हातभर लांब, टीव्हीच्या पुढच्या बाजूला आणा. टीव्हीच्याच रिमोटनं कोडी चालवायचं असेल तर हे खरेदीआधी कळायला हवं: त्याला लागणारं एचडीएमआय-सीईसी रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डात असतं, बहुतेक मिनी पीसीत नसतं. वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो.

डिस्कचं म्हणाल तर फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा.

नावं आणि सबटायटल

कोडी पोस्टर आणि माहिती नावावरून शोधतो. मराठी सिनेमांत घोळ होतो तो रोमन स्पेलिंगचा आणि सालाचा. 'श्यामची आई' १९५३ चाही आहे आणि २०२३ चाही. प्रत्येक सिनेमाला वेगळं फोल्डर, आणि नावापुढे कंसात साल, एवढं केलं की बहुतेक गोंधळ मिटतात. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट कोडीच्या फोल्डरात 'मीडिया'मधल्या 'फॉन्ट्स'मध्ये ठेवा आणि सबटायटलच्या सेटिंगमध्ये तो निवडा. भलतीच अक्षरं येत असतील तर सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

ओटीटीची आशा या डब्याकडून फार ठेवू नका. लिनक्सच्या ब्राउझरवर कॉपीरक्षणाची वरची पातळी मिळत नाही, त्यामुळे पैसे भरूनही ४के दिसत नाही. त्यासाठी टीव्हीतलं अ‍ॅप किंवा स्टिक वापरा.

लाइट गेली आणि आली

टीव्ही युनिटच्या बंद खणात डबा ठेवू नका. मे महिन्यात विदर्भात खोलीच तापलेली असते, त्यात खणातली हवा हलत नाही. चिप गरम झाली की वेग कमी करते आणि तासाभरानं चित्र अडखळू लागतं. सुरुवातीला नीट आणि नंतर अडखळतं, अशी तक्रार असेल तर पहिला संशय उष्णतेवर घ्या. पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढा. झुरळं आणि पालींची पिल्लंही ऊब शोधत आत शिरतात.

लाइट आल्यावर डबा आपोआप सुरू होत नाही, आणि त्याचं बटण टीव्हीमागे, मावशीचा हात पोचत नाही अशा जागी. हे बायोसमध्ये एकदाच बदलायचं असतं. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं सरळ नाव असेल तर 'पॉवर ऑन' करा. पुष्कळ एन१०० डब्यांत मात्र तेच सेटिंग 'स्टेट आफ्टर जी३' या नावानं लपलेलं असतं. तिथे 'एस० स्टेट' निवडा, म्हणजे वीज येताच मशीन सुरू. शक्य असेल तर टीव्हीचा बोर्ड इन्व्हर्टरवर घ्या, कारण फाइल कॉपी होत असताना वीज गेली की डिस्क बिघडते.

आता कुणाकडेही डबा बसवला की निघण्याआधी मी कॉपी वगैरे काही चालू नाही ना ते बघतो आणि टीव्हीच्या बोर्डाचा स्विच बंद करतो. दहा सेकंदांनी चालू करतो आणि रिमोट घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या हातात देऊन बाजूला बसतो. मावशीकडे तिसऱ्या खेपेला तिनं चष्मा लावला, दोन बटणं दाबली आणि माझ्या आईच्या लग्नाची कॅसेट सुरू केली. तोवर मी चपला घातल्या नव्हत्या.