सेल्युलाइटच्या सबसिजनला जाण्याआधी

तारीख घेण्याआधी आरशासमोर सरळ उभ्या राहा आणि पाय सैल सोडा. मांडीवर, नितंबांवर सुटेसुटे खळगे दिसतात का? मांडी-नितंबांवरच्या अशा खळग्या-लाटांना सेल्युलाइट म्हणतात, आणि सबसिजन ही छोटी शस्त्रक्रिया त्यातल्या सुट्या खळग्यांसाठीच. कातडीला आतून खाली ओढून धरणारे तंतू डॉक्टर जागा बधिर करून सुईने किंवा बारीक पात्याने कापतात आणि खळगा वर येतो. सगळी मांडीच लाटालाटांची किंवा सैल पडलेली असेल तर यात पैसे घालू नका. वजन तर यात उतरतच नाही.

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडवरच्या चकचकीत पाट्यांवर जाऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच गाठा आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर डाग किती दिवस राहतात ते स्पष्ट विचारा. मधुमेह, केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड व्रण), भुलीच्या औषधाची ॲलर्जी, गरोदरपण, यातलं काहीही लपवू नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांनी रक्त जास्त वाहू शकतं आणि काळेनिळे डाग वाढू शकतात, म्हणून चालू गोळ्यांची यादीच न्या. पण हृदयासाठी दिलेलं ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. मेडिक्लेमवर विसंबू नका, कॉस्मेटिक म्हटलं की सहसा हात वर करतात.

काळेनिळे डाग दोन-चार आठवडे सहज राहतात, तेव्हा घरचं लग्न लांब असू द्या. नंतर घट्ट प्रेशरची चड्डी घालावी लागते. नाशिकच्या थंडीत ती खपून जाते, एप्रिलमध्ये जीव नकोसा करते.

त्या दिवशी अंघोळ करून जा, लोशन लावू नका, सैल गडद सलवार घाला. डॉक्टर पेनने गोल काढतील ते तुम्ही उभ्या असतानाच, कारण आडवं झालं की निम्मे खळगे दिसेनासे होतात. तेव्हाच मोबाइलवर फोटो काढायला सांगून बघा आणि राहिलेला खळगा दाखवा. इथे भिडेखातर गप्प बसू नका, एकदा पालथं झोपल्यावर सांगून उपयोग नाही.

परत यायला बहीण किंवा नवरा सोबत हवा. ॲक्टिव्हावरून सिडकोपर्यंत गतिरोधक खात येण्याचा विचार सोडा. जागा बधिर करायला टोचलेलं भुलीचं पाणी रक्त मिसळून गुलाबीसर झिरपतं, म्हणून गाडीच्या सीटवर आणि रात्री गादीवर जुनी चादर घाला. ताप आला, जागा लाल होऊन तापली किंवा एकाच बाजूला सूज वाढत गेली तर सकाळपर्यंत थांबू नका. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर निघण्याआधीच घेऊन ठेवा.