पहाटे कोंबड्यांचा गोंगाट : या चुका टाळा

उन्हाळा लागला की खान्देशात अर्धी गल्ली गच्चीवर झोपायला जाते, आणि त्याच दिवसांत माझ्याकडे एकच गाऱ्हाणं येतं. "भाऊ, शेजारना लोके भांडाले उठनात, काय करू?" परसात कोंबड्या पाळून मला एकोणीस वर्षं झाली. विचारणारे बदलतात, चुका त्याच असतात. सगळ्यांना आज रात्रीच कोंबडा गप्प व्हायला हवा असतो, आणि त्या घाईतच जीव जातात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे खुराडं चहूबाजूंनी झाकून टाकणं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. तरी अंधार केला की कोंबडा गप्प बसेल, असंच धरून चालतात. कोंबड्याला आरवायला उजेड लागत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असतं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तरी ते रोज जवळपास ठरल्या वेळी आरवत राहिले. नेहमीच्या दिवसरात्रीत तर उजाडायच्या सुमारे दोन तास आधीच त्यांचं सुरू होतं. पहाटे चारला आरवणारा तुमचा कोंबडा बिघडलेला नाही.

माझा मामेभाऊ अमळनेरला नव्या वस्तीत राहतो. त्याच्याकडे चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा. शेजाऱ्याशी दोनदा बोलाचाली झाली, तेव्हा त्याने एप्रिलमध्ये पत्र्याच्या खुराड्यावर ताडपत्री टाकली, फटींत पोती कोंबली आणि खाली विटा ठेवल्या. चार रात्री तसंच चाललं. कोंबडा चारही पहाटे आतून आरवला, फक्त आवाज थोडा दबला. पाचव्या दिवशी घरच्यांना पहाटेच लग्नाला भुसावळला निघायचं होतं. ताडपत्री काढायची राहून गेली. दुपारी परत आल्यावर त्याने मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ताडपत्री उचलताच डोळे झोंबले, इतका विष्ठेचा अमोनिया आत कोंडला होता. अकरा कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख पसरून पडलेल्या. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला तिला धापाच टाकाव्या लागतात, आणि धाप टाकायला मोकळी हवा लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. त्यात बंद पत्रा म्हणजे भट्टी. उरलेल्या तिघींना सावलीत नेऊन पाय पाण्यात बुडवले, त्या जगल्या. कोंबडा गेला. भाऊ त्या दिवशी जेवला नाही.

म्हणून कुणी ताडपत्रीचं नाव काढलं की मी आधी खुराड्याची जागा बघायला जातो. बहुतेक वेळा ते शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवलेलं असतं, नाहीतर गच्चीवर, म्हणजे झोपलेल्या माणसांच्या कानाशी. मी खुराड्याची जाळीची बाजू आपल्या घराकडे करतो. शेजाऱ्याकडच्या बाजूला पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची, उंच रास लावतो, पण खुराड्यापासून दोन-तीन हात सोडून. चिकटवली तर त्यात उंदीर होतात आणि उंदरामागे साप येतो.

कोंबड्याला मात्र मी रात्री वेगळा काढतो. संध्याकाळी सगळे बसले की त्याला उचलून मधल्या खोलीत बांबूच्या डालग्याखाली ठेवतो, सकाळी साडेसहाला सोडतो. डालग्याला सगळीकडून हवा लागते. उंची कमी असल्याने मान पूर्ण ताणता येत नाही, आणि मान ताणल्याशिवाय मोठी बांग निघत नाही. तो आरवतोच, पण आवाज आमच्या भिंतींत राहतो. रोज उचलायचा कंटाळा येणाऱ्याने कोंबडा पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि गळ्याला पट्टा बांधायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. पट्टा घट्ट झाला तर श्वास अडकतो, अन्नाची पिशवी भरली तर तिथेही अडतं.

दुसरी चूक माणसाच्या स्वभावातली आहे. पहाटे पाचला माद्या कलकलाट करतात, घरधनी घाबरून उठतो आणि त्या गप्प व्हाव्यात म्हणून दादर ज्वारीचे दोन मूठ दाणे टाकतो. आठ दिवसांत कोंबड्या शिकतात की ओरडलं की दाणे पडतात. मग पाचचे साडेचार होतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी दोन महिने हे केलं आणि शेवटी सगळ्या विकायला काढल्या. मी त्यांना थांबवलं. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी पोटभर दादर आणि मका घालायचा, म्हणजे रात्रभर पोट भरलेलं राहतं. पाण्याचं भांडं आतच टांगायचं. सकाळचे दाणे रोज सातला, ओरडल्या तरी सातला, न ओरडल्या तरी सातला. पहिले पाच-सहा दिवस आवाज वाढतो आणि तिथेच लोक हरतात. काकूंनी दात-ओठ खाऊन बारा दिवस काढले. आता त्यांच्या कोंबड्या सातपर्यंत कुरकुरतात, ओरडत नाहीत.

अंड्यांसाठी कोंबडा लागतो, हा समज तर घरोघरी आहे. पिल्लं काढायची असतील तरच तो लागतो. नवापूरकडच्या अंड्यांच्या फार्मवर हजारो माद्या कोंबड्याशिवाय अंडी घालतात.

दोन कोंबडे एका परसात ठेवू नका. वरचढ कोंबडा आधी आरवतो, मग दुसरा उत्तर देतो, आणि हे संपत नाही. आठ-दहा माद्यांना एक पुरतो. जास्तीचे चार-पाच महिन्यांचे होऊन कंठ फुटायच्या आत विका. गावठी कोंबड्याला आषाढात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

फेरीवाल्याची रंगीत पिल्लं घेऊ नका, त्यात बहुतेक नरच निघतात.

दहा माद्यांना अंडी घालायला एकच टोपली ठेवाल तर रांगेतली प्रत्येकजण कलकलाट करेल. तीन ठेवा. अंडं घातल्यावरचं कॉकावणं मात्र राहतंच, ते पाच-दहा मिनिटांचं असतं.

शेजाऱ्याला अंडी देऊन गप्प बसवणं मला पटत नाही. अंडी जरूर द्या, पण आधी खुराडं हलवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा हा वेळ रात्र धरला आहे आणि रहिवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. झोप मागणारा माणूस हट्टी नसतो.

आणि एक ओळखायला शिका. आरवणं लांबलचक, एका लयीत असतं. मध्यरात्री अचानक सगळ्या मिळून तुटक, कर्कश ओरडल्या तर ती पहाटेची हाक नाही, रानमांजर किंवा साप जाळीशी आलेला असतो. पांघरूण डोक्यावर ओढू नका. बॅटरी घ्या, पायात चप्पल घाला, आधी खुराड्याच्या खालच्या कोपऱ्यात उजेड टाका, मगच कडी उघडा.